हसलो, त्याचा पंचनामा

'या वर्षी एखाद्या कलाकृतीविषयी मनापासून लिहा' असं संपादकांचं पत्र आलं आणि 'मनापासून' या शब्दाने माझी पंचाईत केली. नुसतं 'लिहा' म्हटलं असतं तर काम सोपं होतं. कपाटात पुस्तकं आहेत, शाळेत तीस-बत्तीस वर्षं मराठी शिकवल्यामुळे जिभेवर वाक्यं तयार आहेत, आणि दिवाळी अंकाच्या वाचकाला काय रुचतं याचा थोडा अंदाजही आहे. पण मनापासून म्हटल्यावर गेल्या काही वर्षांत आपण कोणत्या कलाकृतीला पोट धरून, आजूबाजूचं भान सोडून दाद दिली, हा प्रश्न स्वतःला विचारावा लागला. त्याचं खरं उत्तर 'प्यार का पंचनामा' असं आलं. उत्तर ऐकून मीच दचकलो.

ज्यांनी हा सिनेमा पाहिलेला नाही त्यांनी दचकण्याचं कारण नाही. पाहिलेल्यांना कळेल. तीन बिनलग्नाच्या पोरांचा हा सिनेमा आहे, तोंडात शिव्या आहेत, विषय मुलींचा आहे आणि मुलींविषयी एक चांगला शब्द नाही. असा सिनेमा मी दोन तास हसत पाहिला. तेव्हा पंचनामा करायचाच तर माझ्या हसण्याचा करावा, म्हणून हा लेख.

१

२०११ सालची गोष्ट. डोळ्यांच्या तपासणीसाठी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळूरला गेलो होतो. तिथे माझा भाचा नोकरीला. आमच्या भागातली पोरं पूर्वी पुण्या-मुंबईकडे तोंड करून असायची. आता निम्मी बेंगळूरच्या गाडीत बसतात. भाच्याच्या खोलीवर आणखी दोघं होते, एक खानापूरकडचा, एक निपाणीचा. तिघंही संगणकाच्या कंपन्यांत. दोन खोल्यांचं घर, कोपऱ्यात धुवायच्या कपड्यांचा डोंगर, ओट्यावर तीन दिवसांची भांडी आणि सबंध घरात एकच शिस्तीची वस्तू, ती म्हणजे चप्पल-बुटांची रांग. तीही मी येणार म्हणून लावलेली.

शनिवारी संध्याकाळी पोरं म्हणाली, "मामा, सिनेमाला चला." कुठला, असं विचारल्यावर तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तुम्हाला आवडायचा नाही, पण चला." डॉक्टरांनी डोळ्यांना ताण देऊ नका असं बजावलं होतं. प्रत्यक्षात ताण आला तो बरगड्यांना.

लव रंजन या दिग्दर्शकाचा हा पहिलाच चित्रपट. दिल्लीकडच्या एका घरात रजत, चौधरी आणि 'लिक्विड' या टोपणनावाने ओळखला जाणारा निशांत असे तिघं एकत्र राहतात. नोकरी करतात, खोली घाण ठेवतात, एकमेकांना शिव्या घालतात आणि प्रेमात पडायची वाट पाहतात. पुढे तिघंही पडतात. रजतची नेहा क्षणात रुसते आणि रुसण्याचं कारण त्याने ओळखावं अशी तिची अपेक्षा असते. चौधरीच्या रियाला आपला जुना मित्र धड सोडवत नाही आणि धरवतही नाही. लिक्विडची चारू तर त्याची प्रेयसीसुद्धा नाही. तिचा मित्र दुसराच आहे. हा तिची ऑफिसातली कामं उरकणारा, हाकेसरशी धावून जाणारा आणि 'आज ना उद्या' या आशेवर जगणारा. कथा एवढीच. ती सांगण्याची भाषा मात्र अशी, की मी वर्गात असतो तर पोराला बाकावर उभं केलं असतं.

पहिली दहा मिनिटं मी नाकावर रुमाल धरल्यासारखा बसलो. मग केव्हा तरी रुमाल डोळ्यांवर गेला. बाजूचा निपाणीकर पोरगा पडदा सोडून माझ्याकडेच पाहत होता. भाच्याच्या कानात म्हणाला, "मामा पण हसूलेत की रे!"

२

मी का हसलो? टीकाकाराला हा प्रश्न टाळता येत नाही. 'तरुणांना आवडेल असा' असं म्हणून तो बाजूला सारता येतो, पण मी तेव्हा साठीच्या घरात होतो.

पहिलं कारण म्हणजे ती खोली. हिंदी सिनेमातली पोरांची खोली बहुधा खोटी असते. भिंतीवर गिटार टांगलेली आणि उशीचे अभ्रे परीटघडीचे. इथली खोली ओळखीची होती. रजतचं काम करणारा कार्तिक आर्यन हा ग्वाल्हेरचा मुलगा. नव्या मुंबईत इंजिनिअरिंग शिकता शिकता तो या धंद्यात शिरला आणि हा त्याचा पहिला चित्रपट. लिक्विडचं काम करणारा दिव्येंदू शर्मा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला. दोघांनाही तेव्हा कोणी ओळखत नव्हतं. त्यामुळे पडद्यावर नट न दिसता, शेजारच्या बिऱ्हाडातली पोरं दिसत होती. दिव्येंदूने तर लिक्विडच्या डोळ्यांत एक अशी कुत्र्यासारखी आशा आणली आहे की हसताना घसा दाटतो. चारूचा फोन आला की त्याची पाठ सरळ होते आणि ठेवला की पुन्हा वाकते. हे बारकावे वाह्यात सिनेमात आहेत म्हणून ते बारकावे नाहीत, असं म्हणणं अन्यायाचं होईल.

दुसरं कारण रजतचं ते प्रसिद्ध भाषण. चौधरी त्याला विचारतो की बाबा रे, तुझी अडचण तरी काय आहे? आणि रजत सुटतो. सुमारे पाच मिनिटं तो एकटा बोलतो. फोन केला तर का केला, नाही केला तर का नाही केला, खरं बोललं तर भांडण, खोटं बोललं तर त्याहून मोठं भांडण, अशी यादी चालू होते. सुरुवातीला रडगाण्याची लय असते. मग यादी वाढते, वेग वाढतो, श्वास पुरत नाही, आणि एका टप्प्यावर शब्दांपेक्षा नुसत्या वेगालाच हसू येऊ लागतं. चित्रपटगृहात शिट्ट्या वाजल्या, टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या मुलीही हसत होत्या, हेही नोंदवून ठेवतो.

कीर्तनकाराच्या तोंडची लांबलचक यादी, सोंगाड्याची न थांबता चाललेली बतावणी, पूर्वीच्या नटाचं एका दमातलं स्वगत, या सगळ्यांवर पोसलेला माझा कान. त्या पोराची श्वासावरची हुकमत मला भावली. तीन तुकड्यांत जोडून बोललेलं भाषण वेगळं आणि कॅमेऱ्यापुढे धाप लागेपर्यंत ओतलेलं वेगळं. पदार्पणात असं भाषण पेलणं ही साधी गोष्ट नव्हे.

तिसरं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. आपल्याकडे बायकांना सासर-नवऱ्याविषयीची कागाळी बोलायला एक जागा होती, ती म्हणजे जातं. पहाटे दळायला बसलेली बाई ओवीतून नणंदेला, सासूला, प्रसंगी दादल्यालाही सोडत नसे. एकनाथांनी भारुडात नवऱ्याला नाकारणारी बाई उभी केली, तीही याच घरातली. पुरुषाला अशी जागा नव्हती. त्याने मर्द असायचं, घरचं बाहेर बोलायचं नाही, फार तर दारूच्या गुत्त्यावर बोलायचं आणि सकाळी विसरायचं. रजतचं भाषण ही पुरुषाच्या जात्यावरची ओवी आहे. तो पोरगा आपला दुबळेपणा कबूल करतो आहे. मला हिची भीती वाटते, मला हिला कसं खूष ठेवायचं ते कळत नाही, मी थकलो आहे. आमच्या पिढीला हे कधी उच्चारता आलं नाही. म्हणून माझ्या हसण्यात थोडी सुटकाही होती.

इथवर सगळं ठीक होतं.

३

खोलीवर परतलो. रात्रीचे दहा वाजून गेले असतील. खानापूरकडच्या पोराला ते भाषण एका दमात जवळजवळ पाठ झालं होतं. तो आधी एकदा पाहून आला होता हे मागाहून कळलं. तो पलंगावर उभा राहून म्हणू लागला, आणि विसरला की भाचा शब्द पुरवत होता. मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि नाही नाही म्हणता पुन्हा हसत होतो.

त्या गडबडीत निपाणीकर पोराचा फोन वाजला. त्याने नाव पाहिलं आणि फोन आमच्यासमोर उंच धरून म्हणाला, "बघा, झालं सुरू!" एवढा मोठा हशा झाला की खालच्या मजल्यावरून कुणी तरी काठीने छत ठोकलं. फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. पोराने तो उशीखाली घातला. उशी थरथरत होती. आम्हाला त्याचंही हसू आलं. तिसऱ्यांदा वाजला नाही.

सकाळी उठलो तेव्हा तो पोरगा गॅलरीत फोन कानाला लावून उभा होता. पलीकडून कुणी उचलत नव्हतं.

सगळी हकीकत मला काही महिन्यांनी भाच्याकडून कळली. ती मुलगी कोल्हापूरकडची, त्याच्याच कॉलेजातली. त्या रविवारी तिच्या घरी स्थळ बघायला येणार होतं. 'घरी सांगू का नको, तू काय ते एकदा बोल' एवढंच तिला विचारायचं होतं. पुढे तिचं लग्न झालं. त्या स्थळाशी की दुसऱ्या, मला ठाऊक नाही.

आता एका सिनेमामुळे कुणाचं लग्न मोडत नाही. तो पोरगा मुळातच कच खाणारा असेल, त्या आधीही त्याने दहा फोन टाळले असतील. हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं आहे. तरी त्या रात्रीच्या हशात माझाही आवाज होता, आणि वयाने मोठा असल्यामुळे तो जरा जास्तच मोजला गेला असणार. मामाच हसतात म्हटल्यावर फोन न उचलण्याला शिक्काच मिळाला.

४

बेळगावला परतल्यावर, ही हकीकत कळायच्या आधी, मी मोठ्या हौसेने बायकोला सिनेमाची गोष्ट सांगितली. रजतचं भाषण जमेल तेवढं करूनही दाखवलं. ती शेंगा फोडत बसली होती. ऐकून घेतलं, एक-दोनदा हसलीही. मग म्हणाली, "अहो, मग ती काय म्हणाली?"

"कोण?"

"ती मुलगी. एवढं सगळं बोलला ना तो तिला."

"तिला नाही, मित्राला बोलला."

"अस्सं," असं म्हणून तिने टरफलं गोळा केली आणि आत गेली.

वाचकहो, एवढी वर्षं मी मुलांना नाट्यछटा शिकवली, बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण हे आधी ठरवा म्हणून फळ्यावर लिहीत आलो. ते भाषण तीनदा ऐकूनही जे माझ्या ध्यानात आलं नव्हतं ते शेंगा फोडता फोडता तिच्या ध्यानात आलं. रजत पाच मिनिटं बोलतो ते मित्राशी. ज्या मुलीविषयी बोलतो, तिच्यापाशी या पाच मिनिटांतलं एक वाक्य धडपणे बोलत नाही. 'तू रुसलीस की मला भीती वाटते' एवढं तो तिला म्हणाला असता तर भांडण झालं असतं, कदाचित निकालही लागला असता. मग भाषणाला जागा उरली नसती आणि सिनेमालाही.

म्हणजे आपण ज्याला मुलींचा पंचनामा समजून हसतो तो खरं पाहता मुलांच्या भित्रेपणाचा पंचनामा आहे. लिक्विडला चारू फसवते हे खरं. पण 'तुझ्या मनात माझ्याविषयी काही आहे का' हे साधं वाक्य त्याच्या तोंडून वेळेवर निघत नाही, हेही तितकंच खरं. दिव्येंदूच्या अभिनयात हे दिसतं. दिग्दर्शकाला मात्र ते दाखवायचं नाही. त्याला पोरांची बाजू घ्यायची आहे, आणि बाजू घेण्याच्या नादात आपल्या हाताला लागलेलं सोनं तो टाकून देतो.

५

कोणी म्हणेल, मास्तर, तुमचं दुखणं शिव्यांचं आणि अश्लीलतेचं आहे, उगाच तत्त्वज्ञान सांगू नका. तसं नाही. चावटपणाशी माझं भांडण असतं तर या भागात जन्मून, जत्रेत तमाशा पाहून मी एवढा मोठा झालो नसतो.

तमाशातली गवळण आठवा. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवली जाते. अडवणारे जे बोलतात ते चारचौघांत सांगण्यासारखं नसतं. पण मावशी असते, गवळणी असतात, आणि त्या जे परत बोलतात तेही सांगण्यासारखं नसतं! प्रेक्षक दोन्हींकडून टोपी उडवतात. कलगी-तुऱ्याची तर सारी मजाच सवाल-जवाबात. १९६४ साली अनंत माने यांनी जयश्री गडकरांना घेऊन तमाशातल्या बाईवर चित्रपट काढला, त्याचं नावच 'सवाल माझा ऐका'. सवाल बाईचा होता.

दादा कोंडके यांच्या द्वयर्थी संवादांवर सभ्य लोकांनी नाकं मुरडली, आणि काही ठिकाणी ती मुरडण्यासारखी होतीही. पण १९७१ च्या 'सोंगाड्या'तला नाम्या पाहा. तो अर्धी चड्डी घातलेला, आईच्या पदराखालचा भाबडा गडी आहे. दादांचा नायक नेहमी स्वतःच विनोदाचं गिऱ्हाईक होतो. समोर उभी राहणारी उषा चव्हाण कमरेवर हात ठेवून त्याला पुरून उरते. तिच्या उत्तराशिवाय त्याचा विनोद पुराच होत नाही.

सभ्य रंगभूमीकडे या. बेळगावातच शिकलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी मोलिएरच्या प्रहसनाचा आधार घेऊन 'संशयकल्लोळ' रचलं. १९१६ साली ते गंधर्व मंडळींनी रंगभूमीवर आणलं. तिथला फाल्गुनराव बायकोवर संशय घेतो आणि कृत्तिका फाल्गुनरावावर. दोघंही तितकीच वेडी, दोघंही तितकीच दुखावलेली. शंभर वर्षं उलटून गेली तरी आपण दोघांनाही हसतो आणि घरी जाताना नवरा-बायको एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहतात. देवलांनी संशयाचं खापर एकट्या कृत्तिकेवर फोडलं असतं तर ते नाटक त्या काळच्या चार प्रहसनांबरोबर केव्हाच विसरलं गेलं असतं.

आणि नेमका हाच विषय, तीन पोरांची खोली, १९८१ साली सई परांजपे यांनी 'चश्मे बद्दूर'मध्ये घेतला होता. तीही दिल्लीच. तिथल्याही खोलीच्या भिंतींवर बायकांची चित्रं आहेत. रवी बासवानी आणि राकेश बेदी यांनी केलेले ते दोघं टवाळ आहेत, मुलींच्या मागे हिंडणारे आहेत. एका मुलीच्या दारातून फजीत होऊन परततात आणि खोलीवर येऊन विजयाच्या कहाण्या रचतात. ती मुलगी म्हणजे दीप्ती नवलची नेहा. योगायोग पाहा, रजतच्या मुलीचं नावही नेहाच. पण सईंची नेहा कपडे धुण्याची पावडर दारोदार विकते, गाणं शिकते, हसते, रागावते, आणि ती बोलते तेव्हा कॅमेरा थांबून ऐकतो. पोरांच्या कहाण्या खोट्या आहेत हे आपल्याला ठाऊक असतं, कारण तिची बाजू आपण पाहिलेली असते. या सगळ्या उदाहरणांत हशा कमी नाही, चावटपणाही काही ठिकाणी कमी नाही. फरक जवाबाचा आहे.

६

'प्यार का पंचनामा'चा दुसरा भाग २०१५ च्या ऑक्टोबरात आला. तो मी चित्रपटगृहात पाहिला नाही. पुढे टीव्हीवर लागला तेव्हा बायको शेजारी होती. या वेळी मी सावध होतो. आधी तिच्याकडे पाहायचं आणि मग हसायचं, असं ठरवून बसलो होतो.

नव्या तीन मुली, तीन मुलं, आणि कार्तिक आर्यनचं भाषण आणखी लांबलेलं. भाषणाला ती हसली नाही. हसली ती भलत्याच ठिकाणी. त्यातला एक पोरगा मुलीच्या घरच्यांचं मन जिंकावं म्हणून त्यांची कामं करत राहतो. ती घरच्यांना याच्याविषयी काही सांगत नाही. हा बिचारा राबतो. दिग्दर्शकाच्या मते ही पोराची परमावधीची विटंबना आहे. त्याची दया यावी म्हणूनच तो प्रसंग घातला आहे. तिथे बायकोला हसू आवरेना. डोळे पुसत म्हणाली, "मुलीच्या घरची कामं मुलाने केली की पंचनामा, आणि मुलाच्या घरची मुलीने केली की संसार!"

मी टीव्हीचा आवाज कमी केला. आमच्या लग्नाला तेव्हा पस्तीस वर्षं होऊन गेली होती. माझ्या आईचं शेवटचं दुखणं तिने एकटीने काढलं. त्या काळात मी संध्याकाळी नाटकाच्या तालमीला जात असे आणि तिथे मित्रमंडळींत 'घरी गेलं की कटकट' या विषयावर माझंही एक भाषण ठरलेलं असे. रजतइतकं लांब नव्हतं, पण लोक हसायचे. ते भाषण मी तिला कधी ऐकवलं नाही. आणि तिच्याकडेही एखादं भाषण असेल, हे माझ्या मनात आलं नाही.

२०१८ साली याच दिग्दर्शकाचा 'सोनू के टीटू की स्वीटी' आला आणि शंभर कोटींच्या वर गेला. इथे तर लढाईच उघड आहे, मित्र विरुद्ध होणारी बायको. स्वीटी आपण कपटी असल्याचं सोनूला तोंडावर सांगते. का, ते सिनेमा सांगत नाही. तिला पैसा हवा, मान हवा, की आणखी काही, हे विचारायची त्याला गरज वाटत नाही. ती मुलगी आहे, एवढं कारण त्याला पुरतं. शेवटी लग्नाच्या मांडवात टीटू मित्राची निवड करतो. दोन 'पंचनाम्यां'तल्या सहा आणि ही एक, अशा सात मुली झाल्या. सातांपैकी एकीचंही बरोबर नाही. कार्तिक आर्यन या सिनेमातही गमतीचा आहे, आलोकनाथ आजोबाच्या भूमिकेत धमाल करतात, मी हसलोही. पण पहिल्या सिनेमातली ती थकलेली, घाबरलेली पोरं इथे उरली नाहीत. पहिल्या वेळी कागाळी होती. तिसऱ्या वेळी तिचा धंदा झाला.

७

शेवटी त्या शब्दाकडे येतो. पंचनामा हा आपल्या रोजच्या वापरातला शब्द. २०१९ च्या महापुरात आमच्या जिल्ह्यात किती घरांच्या पडझडीचे पंचनामे झाले! पंचनाम्याची रीत अशी, की तिथलीच दोन प्रतिष्ठित, तिऱ्हाईत माणसं पंच म्हणून बोलवायची, त्यांनी समोर दिसतं ते पाहायचं, लिहिलेलं वाचून घ्यायचं आणि मग सही करायची. ज्याचं घर पडलं त्याच्या भावाला पंच करून चालत नाही. या सिनेमातला पंचनामा भावानेच लिहिला आहे, भावानेच वाचला आहे आणि खाली सही करायला चित्रपटगृहातले आपण सगळे आहोत. मी केलेली सही खोटी नव्हती. भिंत पडली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ती दोन्ही बाजूंनी पडली होती की एकाच, एवढं पाहायचं राहून गेलं.

म्हणून या सिनेमाविषयीचं माझं मत असं. तो पाहू नये असं मी म्हणणार नाही. पहिला भाग तर जरूर पाहावा. पोरांच्या मनातली भीती, एकटेपणा, लोचटपणा इतक्या बेधडक भाषेत हिंदी पडद्यावर फारसा आला नव्हता. त्यावर हसू येतं ते खरं आहे आणि त्याची लाज वाटून घेऊ नये. मात्र तो अर्धाच सिनेमा आहे. उरलेला अर्धा अजून कुणी तरी काढायचा आहे. त्यात तीन मुलींची खोली असेल, तितकीच घाण, तितकीच शिवराळ, आणि त्यांच्यातली एक पलंगावर उभी राहून न थांबता पाच मिनिटं बोलेल. तो सिनेमा निघाला तर मी पहिल्या दिवशी तिकीट काढीन, दोन काढीन.

तो निपाणीकर पोरगा आता पुण्यात असतो. लग्न झालं आहे, एक मुलगी आहे. गेल्या वर्षी भाच्याच्या वास्तुशांतीला भेटला. जेवणाच्या पंगतीत जुन्या मंडळींनी आग्रह केला म्हणून खानापूरकडच्या पोराने पुन्हा ते भाषण सुरू केलं. सगळे हसू लागले, पोरांच्या बायकाही. एवढ्यात निपाणीकराचा फोन वाजला. बायको तान्ह्या मुलीला घेऊन आतल्या खोलीत होती, तिचाच असावा. तो भाषण अर्ध्यावर टाकून पहिल्याच घंटीला उठला आणि खरकट्या हातानेच आत गेला.

मंडळी आणखीच हसली. मीही हसलो असेन. शेजारी बसलेल्या बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वाढू का थोडा भात?"